न ठरवता निघालात तर चांगलं जेवण कसं शोधायचं

प्रवासात जेवण बिघडतं ते बहुतेक वेळा चुकीच्या वेळी पोचल्यामुळे. दुपारी साडेतीनला एखाद्या तालुक्याच्या गावात शिरलात की खानावळीची पातेली घासून पालथी घातलेली असतात, मिसळीचा कट सकाळीच संपलेला असतो आणि उघडं असतं ते फक्त हायवेवरचं पंजाबी-चायनीज. त्या गावात चांगलं मिळत नाही असा शिक्का मारून माणूस पुढे जातो. तोच दीड तास आधी आला असता तर त्याच गावात गरम भाकरी आणि ताजं कालवण मिळालं असतं. म्हणून बाकी काही ठरवू नका, पण जेवायची वेळ पक्की ठेवा. कुठे जेवायचं हे त्या वेळेला जिथे असाल तिथे शोधता येतं, आणि महाराष्ट्रात ते कसं शोधायचं तेवढंच इथे सांगतो.

घड्याळ

सकाळचा नाश्ता साडेसात ते साडेदहा. पोहे परातीत ढीग करून खालच्या वाफेवर ठेवलेले असतात. पहिला तास-दीड तास ते मोकळे राहतात, मग खालचे गोळा होतात आणि वरचे वाळतात. मिसळीचा कट पहाटे शिजतो आणि गर्दी वाढली की त्यात गरम पाणी पडत जातं. साडेआठ ते दहा ही मिसळीची खरी वेळ. अकरानंतर मटकी गाळ झालेली असते आणि तर्रीत मसाल्यापेक्षा तेलच जास्त लागतं.

दुपारचं जेवण साडेबारा ते दीड. खानावळीची पहिली पंगत साडेबाराच्या आसपास बसते आणि अडीचला आवराआवर सुरू होते. कोल्हापूर, सातारा, सांगलीकडच्या छोट्या मटण खानावळीत रविवारी दीडनंतर सुकं संपून नुसता रस्सा उरलेला असतो.

तीन ते सात हा मधला काळ जेवणाचा नाही हे मान्य करून टाका. या वेळेत ताट मागितलंत तर दुपारचंच गरम करून येईल. याच वेळेत चारच्या सुमाराला वडे-भज्यांचा पहिला घाणा निघतो, तेव्हा ते खा आणि चहा घ्या. रात्रीचं जेवण साडेसात ते नऊ. लहान गावात साडेनऊला चूल विझते, मग पाटी दहापर्यंत पेटलेली असली तरी.

आता हे प्रवासात कसं वापरायचं? रोज सकाळी अकराला गाडी किंवा एसटी कुठे आहे ते पाहा आणि साडेबारा ते दीड या वेळात कुठलं तालुक्याचं गाव येतं ते काढा. चौपदरी रस्त्यावर सरासरी ताशी ६५ किलोमीटर धरा, घाटात आणि कोकणातल्या आतल्या रस्त्यांवर ३० ते ३५. ठरलेलं मोठं शहर सव्वादोनला येणार असेल तर त्याच्या आधीचं लहान गाव निवडा. सव्वादोनच्या शहरापेक्षा पाऊणच्या गावात नेहमी बरं जेवण मिळतं.

वेळ पाळायची तर भूक आवरता आली पाहिजे. कडकडून भूक लागली की माणूस समोर येईल त्या पहिल्या पाटीखाली गाडी लावतो. सोबत केळी, भाजके शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, भडंग असं काहीतरी ठेवा. दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे यांवर मोठा माणूस दीड तास सहज निघतो.

वार आणि महिना

पश्चिम महाराष्ट्रात मटण-कोंबडीचे वार म्हणजे बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवार, गुरुवार, शनिवार अनेक घरांत सामिष होत नाही, म्हणून खानावळीतही त्या दिवशी उठाव कमी असतो आणि कालचं आज खपवलं जाण्याची शक्यता वाढते. मांसाहार करायचा तर त्याच्या वारी करा. बाकी दिवशी पिठलं, वांगं, आमटी, भाकरी खा, कारण तेव्हा गावही तेच खात असतं.

श्रावणात कित्येक सामिष खानावळी सरळ बंद असतात किंवा शाकाहारी ताट लावतात. नवरात्रातही तीच गत. एकादशी आणि संकष्टीला देवस्थानाच्या गावात उपवासाचे पदार्थ ताजे मिळतात. नगर-नाशिककडे भगर आणि शेंगदाण्याची आमटी चांगली होते, ती याच दिवशी खावी.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत कोकणातल्या हॉटेलात ताटात पडलेली मोठी सुरमई बर्फातली असते. तेव्हा खाडीची मासळी आहे का विचारा, नाहीतर सुका बांगडा, सोडे, सुकट मागा. पावसाळ्यात कोकणातलं घर तेच खातं आणि ते उत्तम लागतं. गोड्या पाण्यातला मासा चालत असेल तर पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण आहे. उजनीच्या पाण्यातली चिलापी, रोहू, कटला, वाम तिथे मिळते.

बायपास सोडा

नव्या रस्त्यांनी गावांना वळसा घातला आणि जुनी खाण्याची ठिकाणं आत राहिली. बायपासवर जी हॉटेलं उभी राहिली ती पार्किंग आणि स्वच्छतागृहासाठी. तिथला ग्राहक पुन्हा येणारा नसतो, त्यामुळे चव टिकवायचं कारणही कमी. समृद्धी महामार्गावर तर इंटरचेंजला उतरल्याशिवाय गावातलं काही मिळतच नाही. दोन ते चार किलोमीटर आत जायचा कंटाळा करू नका. त्याला लागतात पंधरा-वीस मिनिटं, आणि फरक पडतो सगळ्या जेवणाचा.

तालुक्याच्या गावाची मांडणी बहुतेक ठिकाणी सारखी असते. एसटी स्टँड, जवळच तहसील आणि कोर्ट, थोडं पुढे मार्केट यार्ड, आणि आत जुनी पेठ. सकाळी एसटी स्टँडसमोरची गल्ली बघा, तिथे पहाटेच्या गाड्यांमुळे नाश्ता लवकर आणि ताजा निघतो. दुपारी तहसील-कोर्टाचा परिसर. तिथे वकील, तलाठी, पक्षकार रोज जेवतात आणि रोज येणाऱ्याला कुणी दोनदा वाईट खायला घालत नाही. शनिवार-रविवारी मात्र ही गल्ली ओस पडते. मार्केट यार्डाजवळ हमालांच्या खानावळी असतात. तिथे भाकरी मोठी, भाजी झणझणीत आणि दर कमी, पण बसायची सोय जेमतेम. पेठेत गोडधोड आणि जुनी फरसाणाची दुकानं. कॉलेज असेल तर त्याच्यामागे मेस असणारच. महिन्याच्या मेंबरांसाठी चालणाऱ्या मेसमध्येही बाहेरच्याला एक ताट बहुधा मिळतं, ‘गेस्ट ताट मिळेल का?’ एवढं विचारायचं. रविवारी दुपारी मेसमध्ये काहीतरी विशेष असतं आणि रविवारी रात्री ती बंद असते.

गावात आठवडी बाजार असेल त्या दिवशी नक्की थांबा. बाजारात कढया लागतात, भजी, जिलेबी, शेव डोळ्यांसमोर निघते आणि उठाव इतका असतो की शिळं राहायला वेळच मिळत नाही.

पाट्यांची भाषाही कळली पाहिजे. ग्रामीण भागात नुसतं ‘हॉटेल’ म्हणजे चहा, भजी, मिसळ. तिथे जेवण मिळेलच असं नाही. जेवणासाठी पश्चिम महाराष्ट्रात ‘खानावळ’, खानदेश-विदर्भात ‘भोजनालय’ शोधा. ‘अमृततुल्य’ म्हणजे चहा. ‘परमिट रूम’ जिथे लिहिलंय तिथे जेवण दारूसोबत खायच्या हिशेबाने तिखट आणि तेलकट असतं. कुटुंबासोबत असाल तर ‘फॅमिली’ची वेगळी खोली आहे का ते आधी बघा. विदर्भात ‘सांबार’ म्हणजे कोथिंबीर, तेव्हा सांबारवडीची पाटी बघून इडलीवाल्याचं दुकान समजू नका.

कुणाला विचारायचं आणि कसं

‘इथे चांगलं हॉटेल कुठलं?’ हा प्रश्न विचारू नका. समोरचा तुमचे कपडे बघतो, गाडी बघतो आणि पाहुण्याला शोभेल असं सगळ्यात मोठं, एसीवालं ठिकाण सांगतो. त्याचा हेतू चांगला असतो, पण तो स्वतः तिथे वर्षातून एकदा, कुणाच्या तरी वाढदिवसाला जातो.

प्रश्न असा करा: ‘दादा, डबा आणला नाही त्या दिवशी तुम्ही कुठे जेवता?’ हा प्रश्न ऐकला की माणूस क्षणभर थांबतो, मग हाताने दिशा दाखवत सांगतो, ‘ते होय, त्या बोळात, पाटी नाही त्याला.’ पाटी नाही म्हणाला की कान टवकारा. लगेच पुढचे दोन प्रश्न विचारा: ‘तिथे काय चांगलं असतं?’ आणि ‘आत्ता मिळेल का?’ ज्याला पदार्थाचं नाव सांगता येत नाही त्याने तिथे खाल्लेलं नाही.

विचारायला योग्य माणसं म्हणजे जी घरापासून लांब आणि रोज कामावर असतात. एसटीचे कंडक्टर आणि डेपोतले मेकॅनिक. पेट्रोल पंपावरची पोरं. तहसीलबाहेरचे झेरॉक्सवाले आणि स्टॅम्प व्हेंडर. मेडिकल दुकानात उभे असलेले औषध कंपन्यांचे एमआर तर सोन्यासारखे, कारण ते महिन्यातून वीस दिवस फिरतीवर असतात आणि चार जिल्ह्यांतल्या खानावळी त्यांना तोंडपाठ असतात. भाजीवाल्या मावशींना विचारा, कुठली खानावळ रोज सकाळी ताजी भाजी नेते ते त्यांना माहीत असतं.

लॉजच्या काउंटरवर विचारू नका, पर्यटनाच्या गावात रिक्षावाल्यालाही नको. दोघांचं कुठल्यातरी हॉटेलशी ठरलेलं असू शकतं. खासगी बस जिथे थांबते तिथे ड्रायव्हर-क्लीनरला बहुधा जेवण फुकट असतं, म्हणूनच ती तिथे थांबते. ट्रकवाले थांबतात तिथे जेवण चांगलं, ही समजूत अर्धीच खरी आहे. ट्रक थांबतो तो जागा, आंघोळीचं पाणी, बाज आणि उधारी मिळते म्हणून. जेवण ठीक असतं, पण बऱ्याचदा ते उत्तरेकडच्या चवीचं असतं.

तिघांना विचारा. दोघांचं एकच नाव आलं तर जा. तिघांची तीन नावं आली तर त्या गावात ठळक असं काही नाही, मग नाश्त्याचं काहीतरी ताजं तळलेलं खाऊन पुढे निघा.

फोनवरचा नकाशा

नकाशात ‘रेस्टॉरंट’ टाकलंत तर बायपासच दिसेल. मराठीत शोधा: खानावळ, भोजनालय, घरगुती जेवण, मेस, मिसळ, भरीत. नाव इंग्रजीत नोंदवलेलं असलं तरी परीक्षणांमधले मराठी शब्द पकडले जातात.

चांदण्यांची सरासरी फारशी उपयोगाची नाही. परीक्षणं नव्यापासून जुन्याकडे लावा आणि फक्त गेल्या तीन-चार महिन्यांची वाचा. आचारी बदलला किंवा हॉटेल चालवायला दिलं की चव महिन्याभरात जाते, सरासरी मात्र वर्षभर तशीच राहते. एका चांदणीची परीक्षणं आधी वाचा. ‘पार्किंग नाही’, ‘अर्धा तास थांबावं लागलं’, ‘फार तिखट’, ‘दोनच भाज्या होत्या’ अशा तक्रारी असतील तर बेलाशक जा. ‘शिळं’, ‘वास येत होता’, ‘पोट बिघडलं’ हे तीन महिन्यांत दोनदा दिसलं तर सोडून द्या. फोटो ग्राहकांनी काढलेले पाहा. ताटातल्या भाकरीला काळसर फोड आहेत का, रस्सा वाटीत आहे की प्लेटमध्ये पसरलाय, मागच्या टेबलावर कोण बसलंय, एवढं त्यात दिसतं. भिंतीवरच्या फळ्याचा फोटो मिळाला तर दरही कळतो.

घाटात आणि कोकणातल्या खोऱ्यांत नेटवर्क जातं, तेव्हा सकाळीच त्या जिल्ह्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. नेटवर्क नसलं की क्यूआर कोडही उपयोगाचा नाही, म्हणून पाचशे-सातशे रुपये दहा, पन्नास, शंभरच्या नोटांत जवळ असू द्या. आणि निघण्याआधी फोन करा. ‘जेवण चालू आहे का, आणि आज काय केलंय?’ एवढं विचारायला अर्धा मिनिट लागतं.

दारात उभं राहून दोन मिनिटं

आत बसण्याआधी बघायच्या गोष्टी थोड्या आहेत. तव्याकडे बघा. भाकरी थापल्याचा आवाज येत असेल तर निम्मं काम झालं. चांगली भाकरी तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाणी फिरवतात, ते सुकलं की उलटतात, आणि मग आरावर किंवा जाळावर ती टम्म फुगते. ताटात आली की पापुद्रा हाताने सुटतो आणि आतून वाफ निघते. दुपारी करून कापडात गुंडाळून ठेवलेली भाकरी कडेने चामट होते आणि मोडताना तिचे सरळ तुकडे पडतात. तशी दिसली तर पोळी मागा, तीही नसेल तर भात खा. सोलापूर-मंगळवेढ्याकडे ज्वारी मालदांडी, तिची भाकरी पांढरी, गोडसर आणि मऊ लागते. तिथे पोळी मागणं म्हणजे खरोखर संधी घालवणं आहे.

कढईतल्या तेलाकडे बघा. काळं, फेसाळ आणि धुरकट असेल तर तळलेलं काही घेऊ नका. पाण्याचा जग आणि पेले बघा. हात धुवायच्या जागी साबण आणि वाहतं पाणी आहे का ते बघा, कारण वाढणाराही तिथेच हात धुतो. भिंतीवर अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक असेल तर नोंदणी झालेली आहे एवढंच कळतं, चवीचं काही कळत नाही.

मेन्यूकार्डावर दीडशे पदार्थ असले तरी घाबरू नका, तालुक्यातल्या बहुतेक हॉटेलांत तेच छापलेलं कार्ड असतं. कार्ड बाजूला ठेवा आणि विचारा, ‘आज काय केलंय?’ नेमकं उत्तर आलं, म्हणजे ‘गवार आहे, आमटी आहे, ठेचा आत्ताच केलाय’, तर ते मागा. ‘सगळं मिळेल’ असं उत्तर आलं तर दोन-तीन ग्रेव्ह्या आधीच करून ठेवलेल्या असतात आणि पनीरपासून काजूकरीपर्यंत सगळं त्यांतूनच निघतं. अशा ठिकाणी अडकलात तर डाळ तडका, जिरा राईस, अंडा भुर्जी यांपैकी काहीतरी घ्या, कारण ते निदान तुमच्यासाठी नव्याने फोडणीला पडतं.

चौघं असाल तरी आधी एकच ताट मागवा. रस्सा चाखा, पटला तर बाकीची ताटं लावायला सांगा. खानावळीत याचं कुणाला वाईट वाटत नाही.

नाशिक ते नागपूर

हे सगळं एका रस्त्यावर लावून पाहू. नाशिकहून धुळे, जळगाव, भुसावळ, मलकापूर, खामगाव, अकोला, अमरावती, नागपूर. समृद्धीने गेलात तर हे सगळं चुकतं, म्हणून जुना रस्ता आणि सावकाश दोन दिवस धरा.

नाशिकात आठ-साडेआठला मिसळ. इथे ती काळ्या मसाल्याच्या कटासोबत, पापड आणि दही घेऊन येते. चुलीवरच्या मिसळीची ठिकाणं शहराबाहेर शेतात आहेत, ती रविवारी टाळा, तास-तासभर नंबर लागत नाही. नाशिक ते धुळे सुमारे १६० किलोमीटर, म्हणजे साडेदहाच्या आत निघालात तर एकच्या आसपास धुळ्यात. खानदेशात दुपारी शेवभाजी. कांदा आणि सुकं खोबरं काळपट भाजून केलेला रस्सा, त्यात जाड तिखट शेव. बिघडते ती एकाच कारणाने: शेव आधीच टाकून ठेवली की तिचा लगदा होतो. ‘शेव वेगळी द्या, वरून टाकतो’ असं सांगा. पहिला घास शेव कुरकुरीत असताना, पुढचे ती रस्सा प्यायल्यावर. सोबत कळण्याची भाकरी मिळाली तर सोडू नका. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली ती भाकरी रस्सा पेलते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जात असाल तर संध्याकाळ जळगावसाठी राखा. इथलं भरिताचं वांगं हिरवट पांढरं, लांबट, कमी बियांचं असतं आणि त्याला भौगोलिक मानांकन आहे. ते कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात, सोलून लाकडी बडगीत हिरव्या मिरचीसोबत कुटतात, मग कांद्याची पात, शेंगदाणे, लसूण यांच्या फोडणीत घालतात. भरीत किलोवर मिळतं, चौघांना एक किलो पुरतं. धुराचा वास आला पाहिजे. नुसतं तेलच पुढे येत असेल तर वांगं गॅसवर भाजलेलं आहे. उन्हाळ्यात मात्र भरिताच्या मागे लागू नका, तेव्हा ते वांगं नसतंच.

दुसऱ्या दिवशी खामगावजवळून शेगावला आत वळा. कचोरी गरम घाण्यातली मागा, सोबत तळलेली मिरची. रेल्वेने जात असाल तर शेगाव स्टेशनवर ती मिळते. संस्थानाचा महाप्रसाद साधा आणि स्वच्छ असतो, पोट नाजूक झालं असेल तर त्याहून चांगलं जेवण या पट्ट्यात नाही. अमरावतीत संध्याकाळी गिला वडा, म्हणजे भिजवून दही-चटणीसोबत देतात तो डाळीचा वडा.

नागपूरला सावजी. हलबा कोष्टी समाजाच्या घरांतून आलेला हा स्वयंपाक, पारंपरिक पद्धतीत जवसाचं तेल आणि भाजलेला काळा मसाला. ‘तिखट कमी करा’ म्हणून उपयोग नाही, रस्सा सकाळीच शिजलेला असतो. आधी थोडा रस्सा भातावर घ्या, झेपला तर मटण, नाहीतर पाटोडी (रश्शातली बेसनाची वडी) किंवा अंडं. जुनी सावजी भोजनालयं वस्तीत, लहान खोलीत असतात. काही ठिकाणी बाया-पोरांसह बसायला नीट जागा नसते, तिथून पार्सल घेतलेलं बरं. सकाळी नागपूर सोडण्याआधी तर्री पोहे, तेही दहाच्या आत.

कोकणात नियम उलटा

कोकणात आयत्या वेळी शोधून चालत नाही, कारण घरगुती खानावळ डोकी मोजून रांधते. तिथे ‘घरगुती जेवणाची सोय’ अशी पाटी दिसली की थांबून नंबर घ्या. दुपारच्या जेवणाचा निरोप सकाळी दहाच्या आत द्या. कोंबडी-वड्यांना तीन तास तरी हवेत, उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगावे लागतात. फोनवर असं विचारा: ‘वहिनी, आज मासळी काय आलीय?’ सुरमईच पाहिजे असा हट्ट धरू नका. जे आलंय ते सांगा म्हणावं. सौंदाळे, तारली, बांगडा ताजा असेल तर तो बर्फातल्या सुरमईपेक्षा कितीतरी वर. दर बोलून घ्या: ताटात तुकडी किती, केवढी, आणि जास्तीच्या तुकडीचे किती. बहुतेक भांडणं याच गोष्टीवरून होतात.

हर्णैसारख्या बंदरावर लिलाव बघायला गेलात तर तिथूनच मासे घेऊन खानावळीत करून मिळतील का ते विचारा. काही जण करून देतात. कल्ले लाल, डोळे फुगीर आणि चकचकीत, बोट दाबलं तर खड्डा राहत नाही, असा मासा घ्या.

सोलकढी ही खानावळीची परीक्षा आहे. आगळाची (कोकमाच्या रसाची) आणि ताज्या नारळाच्या दुधाची कढी फिकट, किंचित मळकट गुलाबी दिसते आणि दहा मिनिटं ठेवली की पाणी खाली, दूध वर असं फुटू लागतं. भडक गुलाबी आणि एकजीव राहणारी कढी बहुधा रंगाची आणि पावडरीची असते. शाकाहारी माणसाने कोकणात पनीर मागू नये. गुहागर, आंजर्ले, गणपतीपुळे या बाजूला कुळथाचं पिठलं, वालाचं बिरडं, फणसाची भाजी, आमटी-भात मिळतो, तोही आधी सांगून.

पोट सांभाळायचं तर

पोट बिघडतं ते बहुतेक वेळा न शिजवलेल्या गोष्टींनी. दुपारनंतर कापून ठेवलेला कांदा, उन्हाळ्यात अकरानंतरची ओल्या खोबऱ्याची चटणी, उघडं दही, हिरवी पाणीदार चटणी, बर्फ. महाराष्ट्रात कारखान्यातल्या, न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे, पण गाडीवर फोडलेल्या बर्फात तो कळत नाही, म्हणून उसाचा रस बिनबर्फाचा घ्या. उकळतं कालवण, आत्ता तव्यावरून उतरलेली भाकरी, समोर तळलेला वडा हे अगदी साध्या गाडीवरही सुरक्षित असतं. प्रवासाच्या पहिल्या दिवशी तिखट जपून. कट आणि सावजी एकाच दिवशी घेऊ नका. चांगल्या लहान खानावळीत स्वच्छतागृह बहुधा नसतं, ते आधी पेट्रोल पंपावर उरकून या.

उशीर झालाच, रात्रीचे दहा वाजून गेले, तर खानावळ शोधत फिरू नका. एसटी स्टँड किंवा रेल्वे स्टेशनसमोर भुर्जीची गाडी उभी असते. अंडं समोर फुटतं, तवा तापलेला असतो, पाव त्यातच भाजतात. त्या वेळी गावातलं सगळ्यात ताजं अन्न तेच.

आणि जिथे मनासारखं जेवलात तिथे पैसे देताना मालकाला किंवा आचाऱ्याला विचारा, ‘काका, पुढे अकोल्याला जातोय, तिकडे कुठे जेवू?’ खानावळवाल्याला दुसरा खानावळवाला माहीत असतो, मसाला कुठून येतो ते माहीत असतं, आणि तो शंभर किलोमीटर पुढच्या माणसाचं नाव सांगताना आपली इभ्रत पणाला लावत असतो. नाव, गल्ली, बंद असण्याचा वार, तिन्ही गोष्टी तिथेच लिहून घ्या.